बार्सिलोनाचे 'देसिदीम': सूचनेचे पुढे काय झाले ते सांगणारी महापालिका

मोहल्ल्यात दिवा हवा, मुलांना खेळायला जागा हवी म्हणून आपण वॉर्ड ऑफिसात अर्ज देतो. पोच मिळते, पण कागद पुढे कुठे गेला याचा पत्ता लागत नाही. स्पेनमधल्या बार्सिलोना शहराने हा पुढचा प्रवासच लोकांसमोर उघडा केला.

'देसिदीम' हा कातालान भाषेतला शब्द. अर्थ 'आम्ही ठरवतो'. महापौर आदा कोलाउ यांच्या कारकिर्दीत, २०१६ साली, महापालिकेने या नावाचे ऑनलाइन व्यासपीठ सुरू केले आणि शहराचा पुढच्या काही वर्षांचा आराखडा त्यावर चर्चेला ठेवला. १० हजारांहून जास्त सूचना आल्या. सूचना कोणी केली, पाठिंबा किती मिळाला, ती स्वीकारली की नाकारली, हे कोणालाही पाहता येते. नाकारली तर कारण द्यावे लागते. स्वीकारली तर काम कुठवर आले तेही कळते.

पण सगळे मोबाईलवरच झाले, असे नाही. शहरभर शेकडो बैठका झाल्या आणि तिथे बोलले गेलेले मुद्देही याच व्यासपीठावर चढवले गेले. आमच्या मते खरी मेख इथेच आहे. आमच्या वर्गातल्या कित्येक मुलांच्या घरी एकच फोन असतो आणि तोही अब्बांबरोबर कामावर जातो. फक्त ॲप काढले असते तर अशा घरांचे म्हणणे यादीत आलेच नसते.

पुढे ३ कोटी युरोंचा निधी लोकांच्या प्रस्तावांसाठी राखला गेला. २०२० साली काम सुरू झाले, कोरोनामुळे थांबले, आणि २०२१ मध्ये मतदान झाले. वय १४ च्या पुढे आणि रहिवासी नोंदवहीत नाव, एवढे पुरे होते. स्पॅनिश नागरिकत्वाची अट नव्हती, त्यामुळे बाहेरून येऊन तिथे राहणाऱ्या कुटुंबांनाही मत होते. नववी-दहावीतल्या पोरांनाही पालिकेच्या पैशांवर मत देता आले, हे आम्हा मास्तर लोकांना फार आवडले!

सुरुवातीला माद्रिद शहराचे 'कॉन्सुल' हे सॉफ्टवेअर घेतले होते. नंतर बार्सिलोनाने स्वतःचे लिहिले. ते मोफत आणि खुले आहे. फिनलंडच्या हेलसिंकीनेही ते वापरले.

आपल्याकडे पुणे महापालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेण्याची पद्धत चालू केली. त्याचा अर्ज क्षेत्रीय कार्यालयात भरता येतो.