डॅफोडिल वसंतातच फुलतो, हे आपल्याला कुणी सांगितलं?

आज एका फुलाचा इतिहास. तलवार नाही, तह नाही, पण दोन हजार वर्षांचा एक घोळ मात्र आहे. आणि तो घोळ निस्तरला नाही तर काय होतं, हेही शेवटी येणार आहे, म्हणून थांबा.

डॅफोडिल म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना शाळेतली इंग्रजी कविता आठवते. वर्ड्सवर्थची. १५ एप्रिल १८०२ या दिवशी तो आणि त्याची बहीण डोरोथी उत्तर इंग्लंडमध्ये अल्सवॉटर तलावाच्या काठाने चालले होते, तिथे त्यांना ही फुलं दिसली. डोरोथीने ते डायरीत लिहून ठेवलं, आणि १८०७ मध्ये भावाची कविता छापून आली. पुढे ती इंग्रजी शिक्षणाबरोबर आपल्या पाठ्यपुस्तकांत आली. आपण कुणी डॅफोडिल पाहिलेला नव्हता, पण तो पिवळा असतो आणि वसंतात फुलतो हे मात्र पाठ होतं. माझंही तसंच. कित्येक वर्षं मला यापलीकडे काही माहीत नव्हतं.

आता जरा मागे जाऊ. बरंच मागे, इसवी सनपूर्व तिसऱ्या-चौथ्या शतकातल्या ग्रीसमध्ये. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस वनस्पतींवर एक मोठा ग्रंथ लिहितो. त्यात ‘नार्किसोस’ या फुलाची नोंद आहे. डॅफोडिलच्या सगळ्या कुळाचं आजचं शास्त्रीय नाव नार्सिसस, ते याच शब्दावरून आलंय. आपल्याकडे फारसीतून आलेला ‘नर्गिस’ हा शब्दही याच गोतावळ्यातला. तर थिओफ्रास्टस म्हणतो, हे फूल फार उशिरा येतं. आर्कट्युरस तारा उगवल्यानंतर, दिवस आणि रात्र समान होतात त्या सुमाराला.

आर्कट्युरस म्हणजे कोण माहितीये? आपला स्वाती! आपल्याकडे ‘स्वाती नक्षत्र लागलं’ म्हणतात ते सूर्य त्या नक्षत्रात येतो तेव्हा, ऑक्टोबरच्या शेवटाकडे. ग्रीक लोक मात्र हा तारा पहाटे पुन्हा दिसू लागला की ऋतू पालटला असं धरायचे, आणि ते साधारण सप्टेंबरच्या मध्यावर. तारा एकच, मोजायची रीत वेगळी. पण मुद्दा लक्षात आला ना? नार्सिससचं जे सगळ्यात जुनं शास्त्रीय वर्णन आपल्या हाती आहे, ते शरदात फुलणाऱ्या फुलाचं आहे. वसंत त्यात कुठेच नाही.

असं का, हे त्या प्रदेशाच्या पावसात दडलंय. भूमध्य समुद्राभोवती पाऊस हिवाळ्यात पडतो. उन्हाळा कोरडा ठक्क, सगळं करपलेलं. कंद जमिनीत झोपून राहतात. शरदात पहिली सर पडली की जमीन जागी होते. आपल्याला जून तसा त्यांना ऑक्टोबर. गॅलरीतल्या कुंडीत पावसाळी लिली असेल तर आठवा, एरवी मरगळलेली आणि एक जोरदार पाऊस झाला की दोन-चार दिवसांत फूल हजर. ती लिली आणि नार्सिसस एकाच कुटुंबातले. फक्त पावसाची वेळ उलटी.

मग ओळखीचा घोळ कुठे झाला? थिओफ्रास्टसच्या वर्णनावरून एकाच फुलावर बोट ठेवता येत नाही. वेळ एका फुलाशी जुळते, पानांची रुंदी दुसऱ्याशी. अभ्यासक आजही वाद घालतात. सोळाव्या शतकात क्लुसियस नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ १५६४-६५ मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल पायाखाली घालतो, १५७६ मध्ये तिथल्या दुर्मिळ वनस्पतींवर पुस्तक काढतो. शरदातला छोटा पांढरा नार्सिसस अशा नोंदींमधून युरोपच्या अभ्यासकांसमोर आला. १७५३ मध्ये लिनियसने त्याला नाव दिलं, नार्सिसस सेरोटिनस. सेरोटिनस म्हणजे उशिरा येणारा. झालं, नाव पडलं. पुढची सुमारे अडीचशे वर्षं पोर्तुगालपासून इस्रायलपर्यंत शरदात छोटा पांढरा नार्सिसस दिसला की तो बहुतेक वेळा ‘सेरोटिनस’ म्हणूनच नोंदवला जाई.

अडचण अशी की संग्रहालयात वनस्पती दाबून, वाळवून कागदावर चिकटवतात. या फुलात मधोमध एक बारीकशी वाटी असते, तिचा रंग पिवळा की नारिंगी हे फार महत्त्वाचं. वाळल्यावर तोच रंग उडतो. पानावरून ओळखावं तर फुलताना बऱ्याचदा पानच नसतं. नुसता हिरवा दांडा आणि वर फूल, पानाचं काम तो दांडाच करतो. कागदावर सगळे सारखेच दिसणार!

विसाव्या शतकात पोर्तुगालच्या कोइंब्रा विद्यापीठात अबिलिओ फर्नांदिश यांनी आयुष्यभर नार्सिससची गुणसूत्रं मोजली. या एका ‘सेरोटिनस’मध्ये दोन आकडे निघत होते. काही झाडांत १०, काहींत ३०. शरदात फुलणाऱ्या ‘एलेगन्स’ या भावंडात २०. पुढे उलगडा झाला तो असा. फार पूर्वी १० वाला आणि २० वाला यांचा संकर झाला, दोघांकडून निम्मी म्हणजे ५ आणि १० गुणसूत्रं आली, त्या १५ ची दुप्पट होऊन ३० वाली नवी जात तयार झाली. २००५ मध्ये तिला ‘मिनिएटस’ असं वेगळं नाव मिळालं. नंतर जुनी कागदपत्रं चाळल्यावर कळलं की एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या हॉवर्थने दिलेलं ‘ऑब्सोलेटस’ हे नाव तिलाच लागू होतं, म्हणून आता ते चालतं. खरा सेरोटिनस दक्षिण स्पेन-पोर्तुगाल आणि मोरोक्को एवढ्याच भागात आहे. पूर्वेकडे ग्रीसपर्यंत जो दिसतो तो ऑब्सोलेटस.

थोडक्यात ओळख सांगतो. पिवळी वाटी, एका दांड्यावर एक किंवा दोन फुलं, पान नाही, तर सेरोटिनस. वाटी नारिंगी आणि फुलं अनेकदा जास्त, तर ऑब्सोलेटस. फुलाबरोबरच पानं आणि पाकळ्या अरुंद टोकदार, तर एलेगन्स. फूल चक्क हिरवं आणि वास रात्री, तर व्हिरिडिफ्लोरस. तो जिब्राल्टरच्या आसपास आणि मोरोक्कोत वाढतो. आणि छोटं पिवळं फूल, मधली वाटी जवळजवळ नाहीच, तर कॅव्हानिलेसी.

आता तुम्ही म्हणाल, नावाने काय फरक पडतो? फूल तेच ना? तर ही कॅव्हानिलेसीचीच गोष्ट ऐका.

वाटी नाही म्हणून याला नार्सिसस मानायलाच लोक तयार नव्हते. १७९४ मध्ये स्पेनच्या कॅव्हानिलेस यांनी त्याला भलत्याच कुळात टाकलं. पुढे कुणी त्याच्यासाठी स्वतंत्र कूळ काढलं. बऱ्याच उठाठेवीनंतर तो नार्सिससमध्ये आला. युरोपीय संघाच्या अधिवास संरक्षण कायद्याच्या यादीत त्याचं नाव आहे. आणि पोर्तुगालमध्ये तो अगदी मोजक्या जागी, ग्वादियाना नदीच्या खोऱ्यात. त्याच नदीवर अल्केवा धरण झालं. फेब्रुवारी २००२ मध्ये दरवाजे बंद झाले आणि पाणी चढू लागलं. पण त्याआधी बुडणाऱ्या भागातले कंद माणसांनी उचलून वरच्या, शोधून काढलेल्या योग्य जागी नेऊन लावले, आणि नंतर वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. वर्षातले काही आठवडेच जमिनीवर दिसणारं, बोटभर उंचीचं फूल. कुणी ओळखून त्याचं नाव यादीत लिहिलं नसतं, तर ते कुणाला न कळता पाण्याखाली गेलं असतं. धरणात काय काय बुडतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

लावायचं असेल तर? एकदा मी ऑनलाइन नार्सिससचे कंद मागवले आणि जूनमध्ये मोठ्या हौसेने कुंडीत लावले. ऑगस्टमध्ये उकरून बघतो तर लगदा. चूक कंदांची नव्हती, माझ्या कॅलेंडरची होती. शरदातल्या या जातींना उन्हाळाभर उबदार आणि कोरडी विश्रांती लागते, आणि आपला पावसाळा नेमका तेव्हाच येतो. म्हणून खोल कुंडी, भरपूर वाळू-खडी, उन्हाळ्याचे महिने पावसापासून आडोसा, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पहिलं पाणी. पानं पिवळी पडू लागली की पाणी बंद. बियांपासून लावलं तर फुलायला तीन-चार वर्षं किंवा जास्तच. थिओफ्रास्टसनेही लिहून ठेवलंय की लोक या फुलाचं बी गोळा करून पेरतात. तोच रस्ता धरा. रानातून उपटलेले कंद कुणी विकत असेल तर घेऊ नका. आणि कंद विषारी असतो, लहान मुलांपासून आणि मांजरांपासून लांब ठेवा.

शेवटचं एक. वाळलेल्या कागदावर जो रंग उडून जायचा, तो तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये टिकतो. पावसाळ्यात सह्याद्रीच्या सड्यावर अनोळखी फूल दिसलं तर नुसता समोरून फोटो काढू नका. एक बाजूने काढा, एक देठाचा, एक पानाचा. पान नसेल तर पान नाही, हेही लिहा. तारीख लिहा. आणि फूल तिथेच राहू द्या. पुढच्या वर्षी त्याच पावसात ते परत यायला हवं.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.