देवमाशांचा हजेरीपट

आमच्या धाराशिव जिल्ह्यात समुद्र नाही, हे सांगायला भूगोलाचा मास्तर लागत नाही. (मी शिकवत होतो तेव्हा जिल्हा उस्मानाबाद होता. लिहिताना हात अजून अडखळतो, समजून घ्या.) मी स्वतः पहिला समुद्र पाहिला तो वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, शाळेच्या सहलीबरोबर. त्याआधी आठ-नऊ वर्षे मी मुलांना समुद्र शिकवतच होतो! भरती-ओहोटी, प्रवाह, खारे वारे, मतलई वारे, सगळे फळ्यावर.

देवमाशांबद्दल मी सांगत असे ते असे. देवमासा हा मासा नव्हे, पिलांना दूध पाजणारा प्राणी आहे. उन्हाळ्यात तो ध्रुवाकडच्या थंड पाण्यात जातो, तिथे पोटभर खातो. हिवाळ्यात विषुववृत्ताकडच्या कोमट पाण्यात येतो, तिथे पिले होतात. उन्हाळा आला की पुन्हा ध्रुवाकडे.

शाळा भूम-परंड्याकडची. दिवाळी झाली की वर्ग निम्मा रिकामा व्हायचा. ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघायच्या आणि आईबापांबरोबर पोरेही जायची. ती यायची चैत्रात. १९८६ च्या सुमारास असाच धडा चालू होता आणि मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारले, "गुर्जी, पर हे बघाया कोण गेलतं?"

वर्ग हसला. मी म्हणालो, पुस्तकात दिलेले आहे. ती खाली बसली. दिवाळीनंतर तिच्या नावापुढे मी लाल शाईने गैरहजर मांडत गेलो, आणि पुढच्या वर्षी ती आलीच नाही. प्रश्न मात्र माझ्याकडे राहिला. कोण बघायला गेले होते? निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला, नातवाने इंटरनेट शिकवले, तेव्हा त्याचे उत्तर थोडे थोडे हाती लागत गेले. तेच आज लिहितो आहे.

देवमाशांचे सर्वात जुने हिशेबनीस म्हणजे त्यांना मारणारे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन शिकारी जहाजे जगभर फिरत आणि रोज वहीत लिहीत, आज अमुक अक्षांशावर, अमुक रेखांशावर इतके मारले. १९३५ साली चार्ल्स टाउनसेंड या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने अशा वह्या उलगडून पन्नास हजारांहून जास्त देवमाशांच्या जागा नकाशांवर ठिपक्यांनी मांडल्या. महिन्यागणिक ठिपक्यांचे रंग वेगळे. त्यामुळे कोणत्या महिन्यात कळप कुठे हे डोळ्यांना दिसू लागले. पण जानेवारीत इथे असलेला देवमासा आणि जुलैत तिथे असलेला देवमासा एकच आहे कशावरून? वर्गात आज चाळीस पोरे आहेत आणि कालही चाळीस होती, म्हणून तीच आहेत असे होत नाही. त्यासाठी नावानिशी हजेरी लागते.

ती हजेरी घ्यायचे काम इंग्रजांनी हाती घेतले. दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटावर १९०४ पासून देवमाशांचे तेल काढण्याचे कारखाने निघाले होते. एवढी कत्तल चालली तर धंदाच बुडेल, या काळजीने (प्राण्यांच्या कळवळ्याने नव्हे) विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात लंडनमध्ये 'डिस्कव्हरी कमिटी' स्थापन झाली. कॅप्टन स्कॉट ज्या जहाजातून अंटार्क्टिकाला गेला होता तेच 'डिस्कव्हरी' जहाज १९२५ मध्ये संशोधनासाठी निघाले. खर्च भागवायला देवमाशांच्या तेलावरचाच कर!

त्यांनी देवमाशांवर खुणा मारायला सुरुवात केली. पहिली खूण एखाद्या मोठ्या टाचणीसारखी होती, ती कातडीत टिकेना, गळून पडे. मग १९३२ पासून पोलादी नळी आली, साधारण वीतभर लांबीची. ती बंदुकीने देवमाशाच्या पाठीत खोल मारायची. नळीवर क्रमांक कोरलेला आणि सोबत इंग्रजीत मजकूर, की ही नळी लंडनला परत करणाऱ्यास बक्षीस मिळेल. दुसरे महायुद्ध सुरू होईपर्यंत सुमारे पाच हजार देवमाशांच्या अंगात अशा नळ्या गेल्या.

आता नळी परत कशी येणार? देवमासा मारला गेला, जहाजाच्या डेकवर चिरला गेला, चरबी कढईत उकळली, तेव्हा तळाशी नळी सापडायची. काही वेळा तर भांडे साफ करताना. म्हणजे देवमासा अमुक ठिकाणाहून अमुक ठिकाणी गेला हे तो मेल्याशिवाय कळतच नव्हते. अंटार्क्टिकाच्या पाण्यात खूण केलेले कुबड्या देवमासे ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि मादागास्करजवळ मारले गेले, आणि माझ्या धड्यातले ते वाक्य सिद्ध झाले. मी वर्गात किती सहज म्हणत असे ते!

आता आपल्या अरबी समुद्राकडे येतो, कारण माझी चूक इथे आहे.

अरबी समुद्रात देवमासे आहेत हे फार जुने ज्ञान. इसवी सनापूर्वी ३२५ मध्ये शिकंदराचा नौदलप्रमुख निआर्कस सिंधूच्या मुखातून इराणच्या आखाताकडे निघाला, तेव्हा मकरान किनाऱ्यावर पाण्याचे फवारे उडताना पाहून त्याच्या खलाशांच्या हातची वल्ही गळाली. निआर्कसने गलबते एका रांगेत लावली, तुताऱ्या वाजवल्या, आरडाओरडा करवला आणि सरळ त्यांच्यावर चाल केली. देवमासे बिचारे बुडी मारून दूर निघून गेले.

पण हे देवमासे येतात कुठून? इतर ठिकाणचे कुबड्या ध्रुवाकडून येतात, तर हेही तिकडूनच येत असतील असेच अनेकांना वाटे. उत्तर मिळाले ते एका गुन्ह्यातून. दक्षिण गोलार्धात कुबड्या देवमाशाच्या शिकारीला १९६३ पासून बंदी होती आणि १९६६ मध्ये ती जगभर लागू झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात, अंटार्क्टिकाकडे जाणाऱ्या सोव्हिएत शिकारी ताफ्यांनी ओमान, पाकिस्तान आणि भारताच्या वायव्य किनाऱ्यालगत २३८ कुबड्या देवमासे मारले. आदल्या वर्षीचे चार धरून २४२. कुणालाही पत्ता लागला नाही. मी तेव्हा हायस्कुलात होतो आणि रशिया म्हणजे आपला जिवलग मित्र असे आम्हाला ठाऊक होते.

सोव्हिएत सरकार बाहेर खोटे आकडे देत होते. महायुद्धानंतर दक्षिण गोलार्धात त्यांनी २,७१० कुबड्या मारल्याचे कळवले, प्रत्यक्षात ते अठ्ठेचाळीस हजारांहून जास्त होते. पण जहाजांवरचे जीवशास्त्रज्ञ खरी मोजणी करत होते. काहींनी खऱ्या कागदांच्या नकला जपून ठेवल्या, एकाने तर घरच्या बटाट्याच्या तळघरात. सोव्हिएत संघ कोसळल्यावर, १९९३ नंतर, हे सारे बाहेर आले. हजेरीपटावर खोट्या हजेऱ्या लावायचा दबाव मीही नोकरीत एकदा-दोनदा सोसला आहे, आणि दर वेळी तो झुगारला असे छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. म्हणून त्या तळघरवाल्याबद्दल मला फार आदर वाटतो.

युरी मिखालेव्ह यांनी अरबी समुद्राचे हे आकडे १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. मारलेल्या माद्यांपैकी काहींच्या पोटातले गर्भ मोजलेले होते. अंटार्क्टिकाच्या कुबड्या माद्यांना आपल्या पावसाळ्याच्या सुमारास दिवस जातात, त्यामुळे नोव्हेंबरात त्यांचे गर्भ लहान असायला हवेत. हे मोठे होते. म्हणजे या माद्यांचे वर्ष उत्तर गोलार्धाचे होते. शिवाय अनेकांच्या जठरात अन्न होते, म्हणजे या इथेच चरत होत्या. आणि उत्तरेकडे जायला वाट कुठे आहे? वर आशिया खंड आडवा पडला आहे. आपल्या मान्सूनच्या वाऱ्यांनी ओमानच्या किनाऱ्यालगत खालचे थंड, सकस पाणी वर येते आणि त्यावर माशांची चंगळ होते. जे खायला इतर देवमासे ध्रुवापर्यंत जातात ते यांना दारातच मिळते. २०१४ साली जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यानुसार हे कुबड्या सुमारे सत्तर हजार वर्षे इतरांपासून वेगळे पडले आहेत. ओमानजवळ त्यांची संख्या शंभराच्या आतच असावी असा अंदाज आहे.

तर मुलांनो (आता तुम्ही पन्नाशीला आलात), गुर्जींनी शिकवलेला नियम आपल्याच समुद्राला लागू नव्हता.

पण ते अगदी जागचे हलत नाहीत असेही नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये ओमानच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारे छोटे यंत्र बसवले. ती श्वासाला वर आली की यंत्र आकाशाशी बोलणार, तिला मरायची गरज नाही. डिसेंबरात ती निघाली आणि दीड हजार किलोमीटर समुद्र ओलांडून थेट गोव्यासमोर आली! मग किनाऱ्याने दक्षिणेला भारताच्या टोकापर्यंत गेली आणि परत ओमानला पोचली. त्या बाजूचा देवमासा या बाजूला येतो हे पहिल्यांदाच नोंदले गेले. गोव्याजवळ पाण्याखाली ठेवलेल्या यंत्रांत कुबड्यांचे गाणेही मुद्रित झाले आहे.

त्या मादीचे नाव लुबान. शेपटीवरची नक्षी धुपाच्या झाडासारखी, म्हणून. अरबी लुबान म्हणजे आपला लोबान. (आपल्या बाजारात लोबान म्हणून मिळतो तो बहुधा दुसऱ्या झाडाचा डिंक, पण शब्द तोच.) दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या 'पेरिप्लस'मध्ये त्या धुपाच्या किनाऱ्याचे वर्णन आहे, आणि त्याच पुस्तकात तगर नावाच्या मोठ्या शहराचेही, जिथून कापड गाड्यांनी भडोच बंदराला जाई. तगर म्हणजे आपले तेर. त्या गलबतांनी लुबानच्या खापरपणज्या नक्कीच पाहिल्या असतील.

२०१८ नंतरच्या एका चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या यात्रेत एका बाईने वाकून नमस्कार केला. मागच्या रांगेतली तीच. टोळी नुकतीच कारखान्यावरून परतली होती. नातू कडेवर. म्हणाली, आता पोरांसाठी गावात हंगामी वसतिगृह आहे, पर हा ल्हान हाय, ह्याला संगं न्यावंच लागतं. मी तिला म्हणालो, तुझ्या प्रश्नाचे उत्तर सापडले. तिला प्रश्न आठवत नव्हता. तरी मी उभ्या उभ्या सगळे सांगितले, नळी, कढई, लुबान.

"म्हंजी आधी मेल्याबिगर कळतच नव्हतं म्हना की," ती म्हणाली. मग थोडे थांबून विचारले, "आन ती कवा निघाली म्हनला?"

"डिसेंबरात. दिवाळी झाल्यावर."

"एकलीच?"

यंत्र एकाच मादीला होते, बरोबर कोणी होते का ते त्यातून कळत नाही, असे मी सांगितले. तिला ते पटलेले दिसले नाही. तेवढ्यात नातू पाळण्यासाठी रडायला लागला आणि ती त्याला घेऊन गर्दीत गेली.