पूर ओसरल्यावरचा पैसा

धूपप्रतिबंधक बंधारा, पूररेषा, किनाऱ्याचे रक्षण हे शब्द ऐकले की आपल्या डोळ्यांसमोर समुद्राकाठची गावे उभी राहतात. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईचे नाव या संदर्भात सहसा कोणी घेत नाही. बालाघाटच्या पठारावरील, आद्यकवी मुकुंदराजांच्या समाधीने पुनीत झालेले हे गाव समुद्रापासून फार दूर. शिवाय हा मुलूख दुष्काळाचा. तरीही शासन पुरापासून संरक्षणासाठी पैसा केव्हा व कोणासाठी खर्च करते, याचा इतिहास समजून घ्यायचा असेल तर मांजरेच्या या खोऱ्याकडे पाहावे, असे आम्हांस वाटते.

एके काळी अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत. निजामाच्या राज्यातील ते एक लष्करी ठाणे होते. त्या राज्याच्या राजधानीवर, हैदराबादवर, २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदी कोसळली. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. अफझलगंज भागातील एका चिंचेच्या झाडावर चढून बसलेले सुमारे दीडशे लोक तेवढे वाचले, अशी आठवण ते शहर आजही सांगते.

या प्रलयानंतर निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. नदीच्या दोन्ही काठांना केवळ भिंती घालून भागणार नाही, पुराचे पाणी शहरात शिरण्यापूर्वी वरच्या अंगालाच अडविले पाहिजे, असा त्यांचा विचार होता. त्यातून १९२० मध्ये उस्मानसागर व १९२७ मध्ये हिमायतसागर हे जलाशय पूर्ण झाले. पूर अडवावा आणि त्याच पाण्याने शहराची तहान भागवावी, असा हा दुहेरी लाभ होता. एका संकटातून शहाणे होऊन सरकारने पुढील संकटासाठी पैसा खर्च केल्याचे हे ठळक उदाहरण होय.

मात्र ही दूरदृष्टी राजधानीपुरती राहिली. बीड जिल्ह्यातच पाटोदा तालुक्यात उगम पावणाऱ्या मांजरा नदीवर निजाम सरकारने निजामसागर बांधले खरे; परंतु १९३१ मध्ये पुरे झालेले ते धरण नदीच्या पार खालच्या टोकाला, तेलंगणातील शेतीसाठी होते. मोमिनाबादच्या परिसराला मोठ्या धरणासाठी स्वातंत्र्यानंतरही वाट पाहावी लागली. केज तालुक्यातील धनेगाव येथे मांजरा धरण पूर्ण झाले ते १९८० च्या सुमारास.

हे धरण बांधले गेले तहानेच्या भयाने, आणि येथेच खरी अडचण आहे. पूर अडवायचा तर जलाशयात काही जागा रिकामी ठेवावी लागते. दुष्काळाला तोंड द्यायचे तर तो काठोकाठ भरून घ्यावा लागतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ज्याने तो उन्हाळा पाहिला, तो सप्टेंबरात आलेले पाणी सोडून देण्यास सहजासहजी कसा धजावेल? पुढे २०२१ च्या सप्टेंबर अखेरीस धरण तुडुंब भरले, दरवाजे उघडावे लागले आणि खालच्या गावांतील उभे सोयाबीन पाण्याखाली गेले. कोणा एका अधिकाऱ्याला दोष देऊन हा पेच सुटणारा नाही. बीड शहराने तर २३ जुलै १९८९ रोजीच बिंदुसरेच्या पुरात माणसे गमावली होती. दुष्काळी जिल्ह्याला पुराचे भय नसते, हा समज तेव्हाच गळून पडावयास हवा होता.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पुन्हा महापूर आला. ऑक्टोबरात राज्य शासनाने ३१,६२८ कोटी रुपयांचे मदतीचे पॅकेज जाहीर केले. खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७,००० रुपये रोख व रोजगार हमीतून तीन लाख रुपयांपर्यंतची कामे अशी त्यात तरतूद होती. ज्याच्या शेतातील माती वाहून जाऊन खाली खडक उरला, त्याला ही मदत मिळालीच पाहिजे. परंतु हा सारा पैसा पूर ओसरल्यावरचा आहे.

पुराआधीच्या पैशाची सोय अलीकडेच झाली. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांकरिता राज्यांच्या आपत्ती निधीसाठी १,६०,१५३ कोटी रुपये सुचविले; त्यांपैकी ८० टक्के मदतकार्यासाठी आणि २० टक्के आपत्तीची झळ आधीच कमी करण्यासाठी. राष्ट्रीय निधीतून नदीकाठची व समुद्रकिनाऱ्याची धूप रोखण्यासाठी १,५०० कोटी, तर धुपीने बेघर झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी १,००० कोटी रुपये वेगळे ठेवण्यात आले. म्हणजे किनाऱ्यावरील कोळीवाडा आणि मांजरेकाठचे शेत यांचा प्रश्न शासनाच्या हिशेबात प्रथमच एका पानावर आला.

वीस टक्के ही सुरुवात आहे. पण ती रक्कम कशावर खर्च होते, हे ग्रामसभेत विचारणारा कोणी हवा. पंचवीस व शंभर वर्षांतील पुरांच्या पातळीवरून आखावयाच्या निळ्या व लाल रेषा, पाणी सोडण्याची वेळेवर दिलेली सूचना, ओढ्यांची मोकळी पात्रे, उंच व रुंद पूल : यांतील पहिल्या दोन गोष्टींना तर फारसा पैसाही लागत नाही. मात्र त्यांचे उद्घाटन होत नाही, आणि त्यांच्यामुळे वाचलेली माणसे कोणत्याही यादीत दिसत नाहीत.

१९०८ नंतर हैदराबादला जे मिळाले, ते राजधानी म्हणून मिळाले. लोकशाहीत तोच अधिकार मांजरेकाठच्या लहानशा गावाचाही आहे. मदतीच्या यादीत आपले नाव आहे का, हे आपण दर पुरानंतर पाहतो. पुढील पावसाळ्यापूर्वी आपल्या नदीसाठी किती रुपये ठेवले आहेत, हेही आपण तितक्याच आस्थेने विचारू लागलो पाहिजे.