अभ्रकाचा पापुद्रा

मागच्या पावसाळ्यात विज्ञानाच्या तासाला एका मुलाने माझ्या टेबलावर एक तपकिरी-रुपेरी पट्टी आणून ठेवली. त्याच्या वडिलांचे गोवंडीत भंगाराचे लहानसे दुकान आहे. विजेची जुनी इस्त्री फोडली की तिचे लोखंड एका ढिगात जाते, वायरीतले तांबे दुसऱ्या ढिगात जाते. पण जिच्यावर तापायची तार गुंडाळलेली असते ती पट्टी कोणी घेत नाही. तिला काट्यावर भाव नाही, म्हणून ती उकिरड्यावर पडते. मुलाने विचारले, "सर, ही काच की प्लास्टिक?" मी म्हटले, "तुला काय वाटते?" तो म्हणाला, "प्लास्टिक असतं तर जळलं असतं. मी काडी लावून बघितली. काही झालंच नाही."

मी हसलो, कारण त्या मुलाने नकळत आपल्या जुन्या रसवैद्यांचीच परीक्षा केली होती. ती पट्टी अभ्रकाची होती. 'अभ्र' म्हणजे ढग. इंद्राच्या वज्राच्या ठिणग्या डोंगरांवर पडल्या आणि त्यांचे अभ्रक झाले, अशी जुनी कल्पना आहे. पारा शिवाचा आणि अभ्रक पार्वतीचे, असेही रसशास्त्र मानते. 'रसरत्नसमुच्चय' हा ग्रंथ सुमारे तेराव्या शतकातला समजला जातो. त्या परंपरेत अभ्रकाचे चार प्रकार सांगितले आहेत आणि ते ओळखायचे ते अग्नीत टाकून. ज्याचे पदर सुटतात ते पिनाक, जे सापासारखे फूत्कारते ते नाग, जे बेडकासारखे उड्या मारते ते मंडूक, आणि जे अग्नीत असूनही जसेच्या तसे राहते ते वज्र. औषधाला घ्यायचे ते वज्राभ्रकच. आमच्या आजीच्या फडताळात सहस्रपुटी अभ्रकभस्माची एक इवलीशी बाटली असे. हजार वेळा अग्नी दिलेले म्हणून ते सहस्रपुटी. घरात कोणाला फार खोकला झाला की मधात कालवून गुंजभर भस्म चाटवले जाई. त्याने किती गुण येई ते मी सांगू शकत नाही. पण ती बाटली हाताळताना आजीचा आवाज खाली येत असे, एवढे आठवते.

पदर सुटतात म्हणजे काय होते? दिवाळीच्या दिवसांत हे समजावणे सोपे आहे. चिरोटे करताना पोळ्यांच्या मध्ये तूप आणि तांदळाच्या पिठीचा साटा लावतात, म्हणून तळल्यावर पदर मोकळे होतात. अभ्रकाची घडणही अशीच आहे. सिलिका आणि ॲल्युमिनियम यांच्या घट्ट विणलेल्या पोळ्या एकावर एक रचलेल्या असतात आणि दोन पोळ्यांच्या मध्ये पोटॅशियमचा साटा असतो. पोळी मजबूत, साटा कमजोर. त्यामुळे टाचणीचे टोक घातले की पापुद्रा अलगद सुटतो. त्या पापुद्र्याचा पुन्हा पापुद्रा निघतो. तो वाकतो, मोडत नाही. उजेड आरपार जाऊ देतो, वीज जाऊ देत नाही. आणि पाचशे अंश उष्णतेलाही दाद देत नाही. एवढे गुण एकत्र असलेला दुसरा पदार्थ निसर्गात शोधूनच काढावा लागेल.

आमच्या मुंबईच्या दगडात मात्र हे वैभव नाही. मुंबईचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उसळलेल्या लाव्ह्याचा. तो पृष्ठभागावर येऊन लवकर थिजला. अभ्रकाचे मोठे पत्रे तयार व्हायला खोल जमिनीत, पाण्याची वाफ कोंडलेल्या रसाला फार सावकाश निवावे लागते. असे जुने खडक आपल्याकडे दक्षिण कोकणात उघडे पडले आहेत. सिंधुदुर्गात कुडाळ तालुक्यातील कडावलच्या परिसरात अभ्रक सापडते. परंतु अभ्रकाचे खरे माहेर म्हणजे आजच्या झारखंडातले कोडरमा, गिरिडीह आणि हजारीबाग. आंध्रात नेल्लोर आणि राजस्थानात भिलवाडा ही त्याची आणखी दोन घरे.

जगाने अभ्रकाचा पहिला मोठा उपयोग केला तो काचेऐवजी. रशियात खिडक्यांना अभ्रकाचे पत्रे बसवीत. पश्चिमेकडचे व्यापारी त्याला मस्कोव्हीची काच म्हणत, आणि त्यावरूनच पांढऱ्या अभ्रकाला मस्कोव्हाइट हे नाव पडले. थंड मुलखात शेगडीच्या दाराला अभ्रकाची खिडकी असे, म्हणजे आतला जाळ दिसावा आणि खिडकी तडकू नये. आपल्याकडे मोहरमचे ताबूत अभ्रकाने आणि बेगडाने मढवीत. मशालींच्या उजेडात ते झगमगू लागले की सगळा गाव पाहायला लोटे.

मग वीज आली आणि या शोभेच्या दगडाचे नशीब पालटले. डायनॅमो, इस्त्री, रेडिओचे व्हाल्व्ह, कंडेन्सर, जिथे वीज आणि उष्णता एकत्र नांदतात तिथे दोघींच्या मध्ये उभा राहणारा कोणीतरी हवा होता. ते काम अभ्रकाने केले. दुसऱ्या महायुद्धात विमानांना आणि बिनतारी यंत्रांना अभ्रक इतके लागू लागले की 1942 साली ब्रिटन व अमेरिका यांनी हिंदुस्थानातले अभ्रक खरेदी करण्यासाठी संयुक्त मंडळ नेमले. आमच्या शाळेच्या गच्चीवरून ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो. त्याच्या पलीकडे 1956 साली 'अप्सरा' ही आशियातल्या पहिल्या अणुभट्ट्यांपैकी एक भट्टी सुरू झाली. किरणोत्सर्ग मोजणाऱ्या गायगर नळीचे तोंड अभ्रकाच्या पापुद्र्याने बंद करतात. साध्या कागदाने अडणारे अल्फा कण मोजायचे असतील, तर नळीच्या तोंडाशी केसाच्या दहाव्या हिश्शाइतका पातळ पडदाच लागतो.

हा पापुद्रा काढतो कोण? एवढी यंत्रे आली, पण उत्तम पत्रा सोलायला माणसाचे बोटच लागले. कोडरमा-गिरिडीहच्या बाजूला गावोगाव बायका आणि मुले उंबऱ्यात बसून चाकूच्या टोकाने अभ्रक सोलीत. बोट जितके नाजूक, तितका पापुद्रा पातळ. युद्ध संपल्यावर 1946 साली अभ्रकखाण कामगारांच्या कल्याणनिधीचा कायदा झाला. निर्यातीवर कर बसवून त्यातून दवाखाने आणि शाळा चालवावयाच्या, अशी ती योजना होती. कायद्यामागे सद्बुद्धी होती, पण काळ उलटा फिरला. ट्रान्झिस्टर आला, नवी रासायनिक आवरणे आली आणि पत्र्याची मागणी ओसरली. 1980 च्या वनसंरक्षण कायद्यानंतर जंगलातल्या खाणींना परवाने मिळणे कठीण झाले. 1991 साली सोव्हिएत संघ मोडला, तेव्हा एक मोठे गिऱ्हाईकही गेले.

गंमत अशी की, अभ्रक घरातून गेले तरी त्याचे नाव उरले. स्वयंपाकघराच्या ओट्याजवळच्या फळीला आपण 'सनमायका' लावतो. त्यात मायका, म्हणजे अभ्रक, कणभरही नसते. ते कागद आणि राळ यांचे थर दाबून केलेले असते. अमेरिकेत 1913 साली निघालेल्या फॉर्मायका कंपनीच्या नावाचा अर्थच 'मायकाऐवजी' असा होता.

पण अभ्रकाची गोष्ट इथे संपली नाही. पत्र्याची गरज घटली आणि चुऱ्याची वाढली. 1960 च्या दशकात अभ्रकाच्या कणांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप देऊन मोत्यासारखी झाक आणण्याची रीत निघाली. मोटारीच्या रंगात, ओठांच्या नि नखांच्या रंगात, पापण्यांवरच्या भुकटीत जी मंद चमक दिसते ती पुष्कळदा अभ्रकाची असते. चुऱ्याला नाजूक बोट नको. फक्त वेचणारे हवेत. बंद पडलेल्या खाणींभोवतीच्या ढिगाऱ्यांतून लोक हे तुकडे वेचतात. तिकडे त्यांना 'ढिबरा' म्हणतात. आईबरोबर मुलेही अरुंद बिळांत शिरतात आणि माती कोसळते. 2016 साली रॉयटर्स वृत्तसंस्थेने दोन महिन्यांत किमान सात मुले अशी दगावल्याचे उघडकीस आणले. तेव्हा जगभरच्या कंपन्यांना जाग आली आणि 2017 साली मुलांच्या हातांशिवाय अभ्रक मिळावे म्हणून त्यांनी एक संयुक्त संस्था स्थापली. ते काम अजून पुरे झालेले नाही.

हे सारे मी वर्गात सांगितले नाही. मुले लहान आहेत. शिवाय आमच्या मुलांना वेचणे म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही. 1927 सालापासून मुंबईचा कचरा आमच्या शेजारी देवनारला येतो, आणि त्या डोंगरातून पोट भरणाऱ्यांची घरे आमच्या शाळेच्या हजेरीपटात आहेत. गिरिडीहच्या मुलाला अभ्रकाचा भाव ठाऊक आहे, पण ते जाते कुठे ते ठाऊक नाही. आमच्या मुलाला ते इस्त्रीतून निघते हे ठाऊक आहे, पण आले कुठून ते ठाऊक नाही. एकाच पट्टीची दोन टोके दोन मुलांच्या हातांत आहेत.

मी त्या मुलाला टाचणी दिली. त्याने पट्टीच्या कडेला ती खुपसली आणि श्वास रोखून एक पापुद्रा सोडवला. मग दुसरा. सातव्या पापुद्र्यातून त्याला खिडकीबाहेरचे झाड दिसले तेव्हा सगळा वर्ग त्याच्याभोवती गोळा झाला. तो म्हणाला, "सर, एवढी भारी चीज आहे, मग आमच्याकडे हिला भाव का नाही?"

मी म्हटले, "दगडाला भाव नसतोच रे. पापुद्रा काढणाऱ्या बोटाला असायला हवा."

ते त्याला कितपत कळले देव जाणे. पण आता शाळेच्या कपाटात बिस्किटांचा एक रिकामा डबा आहे आणि भंगारातली प्रत्येक पट्टी तो त्यात आणून टाकतो. दिवाळीच्या सुट्टीआधी मुलांनी त्यातल्याच पापुद्र्यांच्या खिडक्या लावून एक आकाशकंदील केला. तो वर्गाच्या दाराशी टांगला आहे. रंगीत कागदाच्या कंदिलाइतका तो झगमगत नाही, पण त्यातून उजेड स्वच्छ येतो.