शांती करायला गेलेले बाबा

आमच्या रिसोडकडच्या शेताच्या वाटेवर एक मोरी आहे. बाबा आजही तिच्यापाशी थांबतात, वाकून खाली पाहतात आणि मगच पुढे जातात. लहानपणी मला वाटायचं, ते साप बघतात.

शाळेत २६ जानेवारीला माजी सैनिकांचा सत्कार व्हायचा. कुणी ७१चं, कुणी कारगिलचं. सर बाबांना विचारायचे, "तुम्ही कोणत्या लढाईत होतात?"

"लढाई नाही सर, आमी शांती कराले गेलो होतो."

पोरं हसायची. मला लाज वाटायची.

तो विनोद नव्हता, हे पुढे वाचताना कळलं. २९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला. श्रीलंकेतली यादवी थांबवायला आणि तमिळ बंडखोरांची शस्त्रं ताब्यात घ्यायला आपली शांतिसेना तिकडे गेली. जाफन्यात सुरुवातीला लोकांनी स्वागत केलं. ऑक्टोबरात याच सेनेची एलटीटीईशी लढाई जुंपली. रस्त्यांत सुरुंग, मोऱ्यांखाली सुरुंग. २५ नोव्हेंबरला ८ महारचे मेजर रामास्वामी परमेश्वरन धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. अडीच वर्षांत सुमारे १,२०० भारतीय जवान गेले.

दुसरी बाजूही वाचली. ऑक्टोबर १९८७ मध्ये जाफन्याच्या रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका, रुग्ण भारतीय सैनिकांच्या गोळ्यांनी मारले गेले, असं मानवी हक्क संघटनांनी नोंदवलं आहे. बाबा तिकडे गेले १९८८ मध्ये. तरी मी एकदा विचारलंच, "तुम्ही काय पाहिलं?"

"माह्या मायच्या वयाची एक बाई होती. रोज प्यायले पाणी द्यायची. मंग एक दिवस तिनं दार लावून घेतलं."

"का?"

बाबा उठून गोठ्यात गेले.

मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली, तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. बाबा भरती झाले तेव्हा आमचं गाव अकोला जिल्ह्यात होतं. १९९८ मध्ये वाशीम वेगळा झाला. निवृत्तीनंतर त्यांनी वॉचमनची नोकरी केली, सोयाबीन पेरलं. विदेश सेवा पदक कपाटातच राहिलं.

कोलंबोजवळ शांतिसेनेचं स्मारक आहे, काळ्या दगडावर नावं कोरलेली. परवा मोबाइलवर फोटो दाखवला. बाबांनी चष्मा लावला.

"मोठं कर," म्हणाले. मग बोट सरकवत, एकेक अक्षर लावत वाचत राहिले. स्क्रीन विझली की माझ्याकडे बघायचे. मी पुन्हा लावून द्यायचो.