लख्ख उजेड आणि पंचवीस सेंट

न्यूयॉर्कच्या मलबेरी स्ट्रीट परिसरातील स्थलांतरितांच्या दाटीवाटीच्या वस्तीविषयी एकोणिसाव्या शतकात पुष्कळ लिहिले गेले होते; परंतु तेथील तळघरांत आणि कोंदट खोल्यांत रात्री पथारी पसरणारी माणसे कॅमेऱ्याच्या आवाक्यात आली, ती १८८७ साली जर्मनीत झगझगाटी चूर्ण, म्हणजे मॅग्नेशियममध्ये ज्वलनास मदत करणारे क्षार मिसळून केलेली आणि पेटताच क्षणभर लख्ख उजेड देणारी पूड, तयार झाल्यानंतरच. डेन्मार्कहून आलेला पोलीस-वार्ताहर जेकब रीस याने ती लगेच उचलली. प्रथम पिस्तुलातून आणि पुढे तव्यावर पूड उडवून तो व त्याचे साथीदार मध्यरात्रीनंतर चित्रे घेत आणि झोपलेली माणसे पुरती सावध होण्याआत निघून जात, त्यामुळे संमती विचारायला फुरसतच राहत नसे. एकदा अंध भिकाऱ्यांच्या खोलीत चित्र घेताना भिंतीवरच्या कागद-चिंध्यांनी पेट घेतला व रीसला ती आग स्वतःच विझवावी लागली. ज्यांचे चित्र निघत होते, त्यांना तो उजेड दिसलाही नव्हता.

१८९० साली प्रसिद्ध झालेल्या 'हाऊ द अदर हाफ लिव्हज' या ग्रंथात रीसने एका भटक्याची हकिकत दिली आहे. एका अंगणात शिडीवर पाइप ओढत बसलेल्या या गृहस्थाने दहा सेंटच्या मोबदल्यात चित्र काढू देण्याचे कबूल केले, आणि रीसची तयारी होताच पाइप खिशात घालून, तो सौद्यात धरलेला नव्हता, पाइपासह चित्र हवे असेल तर पंचवीस सेंट पडतील, असे शांतपणे सांगितले. सेंटला दोन मिळणारा तो मातीचा पाइप; तरीही रीसला नमते घ्यावे लागले. रीसने ही हकिकत आळशी माणसाच्या लबाडीचा नमुना म्हणून सांगितली असली, तरी आपल्या दैन्याचे चित्र दुसऱ्याच्या उपयोगाचे आहे हे ओळखून त्याचा भाव स्वतः ठरवणारा माणूस येथे दिसतो, आणि व्यवहार म्हणून पाहता तो रास्तच ठरतो.

रीसला गरिबीची ओळख नव्हती असे नाही. १८७० साली अमेरिकेत आल्यावर तो स्वतः पोलीस ठाण्यांतील निवाऱ्यांत, म्हणजे बेघरांना रात्रीपुरती फळीवर झोपू देणाऱ्या खोल्यांत, राहिला होता आणि तेथील घाण व पोलिसांचा जाच तो विसरला नाही. त्याच्या प्रयत्नांमुळे, थिओडोर रूझवेल्ट पोलीस आयुक्त असताना, १८९६ साली हे निवारे बंद झाले. सुधारकांनी त्याला विजय मानले, पण त्या फळ्यांवर निजणाऱ्यांचे मत कोणी विचारल्याचे त्या विजयाच्या वर्णनांत आढळत नाही.

चित्रासाठी संमती विचारण्याचा प्रश्न कायद्यापर्यंत पोहोचला तो याहूनही उशिरा. लेखी संमतीवाचून एखाद्याचे चित्र वापरण्यास मनाई करणारा कायदा न्यूयॉर्क राज्यात १९०३ साली झाला, तो पिठाच्या जाहिरातीत आपली छबी पाहून न्यायालयात गेलेल्या एका तरुणीचा दावा फेटाळला गेल्यावर. आणि त्याची कक्षा जाहिरात व व्यापार यांपुरतीच राहिली.