गार पडणे

थंडीने माणूस मरतो म्हटले की आपल्याला सियाचिन आठवते, फार तर लडाख. रायपुरात बर्फ पडत नाही. इथे डिसेंबर-जानेवारीत मातीच्या गोरसीत निखारे फुलतात आणि मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. पण अशा उष्ण मुलखातही एक माणूस बारा महिने गारठू शकतो. नुकते जन्मलेले मूल.

आईच्या पोटात त्याला 37 अंशांची ऊब असते. बाहेर येते ते ओलेचिंब, आणि अंगावरचे पाणी सुकताना ऊब घेऊन जाते. मोठा माणूस कुडकुडून उष्णता तयार करतो. बाळाला कुडकुडता येत नाही. मानेजवळ, खांद्यांच्या मध्ये असलेली तपकिरी चरबी जाळून ते तग धरते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाकडे तीही थोडीच. अंगाचे तापमान 36.5 च्या खाली गेले की घसरण सुरू झाली, 32 च्या खाली जिवाशी गाठ. बाळ हे रडून सांगत नाही. उलट शांत होते, दूध ओढत नाही, आणि घरातले म्हणतात, किती गुणी आहे.

1880 च्या सुमारास पॅरिसमध्ये स्तेफान तार्निये या प्रसूतितज्ज्ञाने प्राणिसंग्रहालयात अंडी उबवण्याची पेटी पाहिली आणि तशीच बाळांसाठी करवून घेतली. तेव्हापासून ऊब म्हणजे पेटी आणि पेटी म्हणजे इस्पितळ, असे होऊन बसले. जवळपास शंभर वर्षांनी, 1978 मध्ये, बोगोटाच्या इस्पितळात पेट्या पुरेनात. तेव्हा एदगार रेय यांनी कमी वजनाची बाळे आयांच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली.

आपल्या शेजारच्या गडचिरोलीत तर इस्पितळच दूर. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने 1995 पासून 39 गावांतल्या बायकांना घरोघरी नवजात बाळे तपासायला शिकवले. थर्मामीटर, वजनकाटा, ब्लँकेट, बाळाला ठेवायची उबदार पिशवी. 1993-95 मध्ये तिथे हजार जन्मांमागे 62 नवजात बाळे दगावत. 1997-98 पर्यंत तो आकडा 25 च्या घरात आला. श्रेय एकट्या उबेचे नाही. जंतुसंसर्गावर त्याच बायकांनी दिलेल्या इंजेक्शनांचा त्यात मोठा वाटा आहे. 2011 मध्ये देशभरच्या आशांकडे हेच काम आले. आमच्या छत्तीसगडात ते मितानिन करते. (मितानिन म्हणजे विधी करून जोडलेली मैत्रीण. मराठीत याला शब्द नाही, हे मला खुपते.)

अशीच एक प्रशिक्षण-पुस्तिका हिंदीतून मराठीत आणताना मी एका शब्दावर अडले. 'हायपोथर्मिया'ला कोशात 'अल्पतापमान' मिळतो. तो कुणी बोलत नाही. बोलण्यातला शब्द आहे 'गार पडणे'. पण मराठीत माणूस गार पडला की बायका रडायला बसतात, भांड्यात दूध काढायला उठत नाहीत. शब्दच सांगतो की संपले. आणि इथे तर सांगायचे होते की अजून वेळ आहे. शिवाय आपल्या बाळंतपणाच्या रीतीत शेक-शेगडी बाळंतिणीला, आणि बाळाला मात्र जन्मल्याबरोबर न्हाऊ घालायचे. ऊब कुणाला हवी हे उलटेच झाले होते, असे माझे मत.

शेवटी मी 'बाळ गार लागते' असे लिहिले. हाताला लागते ते. संपादकांना तो शब्द फार घरगुती वाटला. मी हटले नाही. हाताची पाठ आधी पोटाला लावायची, मग तळपायाला. पोट ऊबदार आणि पाय गार, तर आताच हालचाल करा. दोन्ही गार, तर बाळ खरेच थंड झाले आहे. कोरडे पुसा, टोपरे घाला, आईच्या कातडीला कातडी लावून वरून पांघरूण घ्या, दूध पाजा. ओढत नसेल तर काढून वाटी-चमच्याने. तेही घेईना, सुस्त पडले, तर तसेच छातीशी धरून दवाखाना गाठा. गरम पाण्याची बाटली अंगाला लावू नका, बंद खोलीत गोरसी ठेवू नका. आणि न्हाण? पहिला दिवस तरी नाही.